टेम्पो न करता चिखलदरा

लोक चिखलदऱ्याला धुकं बघायला जातात, दऱ्या बघायला जातात, नशीब जोरावर असलं तर अस्वल बघून येतात. आम्ही गेलो ते गाडी तिथवर जाते का, हे बघायला. आम्ही म्हणजे मी आणि माझे भाऊजी, आणि गाडी म्हणजे त्यांची वीसेक वर्षांची काळी मोटरसायकल. पुढे हँडल धरून मी आणि मागे भाऊजी. पन्नाशीला टेकलेल्या साताऱ्याच्या बाईला हे काय सुचलं, ते आधी सांगायला हवं.

अकोला

माझी थोरली बहीण लग्न होऊन अकोल्याला गेली, त्याला तीस वर्षं होऊन गेली. भाऊजी विजेच्या खात्यात लाइनमन होते. खांद्यावर दोराचं वेटोळं, मागे कॅरिअरला पक्कडी-हातोड्यांची पिशवी आणि बुडाखाली ही गाडी, असा त्यांचा जन्म गेला. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. औषधपाण्याने पाय सुधारला, बोलणं तर कधी बिघडलंच नव्हतं, पण डाव्या हाताची मूठ काही वळेना. क्लच डाव्या हाताचा, त्यामुळे गाडी तेव्हापासून अंगणात उभी.

मी गेले तेव्हा दसरा नुकताच झाला होता आणि घरात भांडण ताजं होतं. त्याच सकाळी भंगारवाला येऊन गाडी बघून गेला होता.

"चालतच नाई तं ठेवून करायचं काय? निम्मं अंगण अडवलंय," ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात आता निम्मा सातारा आणि निम्मा अकोला आहे.

"चालत नाई असं कोन म्हनते? आज बी चिखलदऱ्याले जाईन ते," भाऊजी म्हणाले.

"मग जाऊन दाखवा. चिखलदऱ्याला जाऊन गाडी आपल्या चाकावर परत आली, तर मी पुन्हा तिचं नाव काढणार नाई. टेम्पोत घालून आणावी लागली, तर टेम्पो तिकडनंच भंगारवाल्याकडे न्यायचा."

भाऊजी गप्प झाले. ते गप्प झालेले मला बघवत नाहीत. आणि तोंडावर ताबा नसणं हा माझा जुना रोग. मी म्हटलं, मी चालवते. माझी साताऱ्यात रोपवाटिका आहे, रोपांचे क्रेट मागे बांधून मी रोजच मोटरसायकल हाकते, त्यात काय एवढं.

"मेहुनी चालवीन आन मी मांगं बसू?" भाऊजींनी विचारलं.

"नाहीतर तुम्ही घरी बसा, मी ताईला नेते," मी म्हटलं. त्यावर ते उठून टायरमधली हवा बघायला गेले.

गंमत अशी की, भंगारात काढायला निघालेल्या याच गाडीची ताईने दसऱ्याला साग्रसंगीत पूजा केली होती. हँडलला सुकलेली झेंडूची माळ होती, दिव्यावर हळदीची बोटं होती, आणि टाकीवर अगदी झाकणासकट कुंकवाचं मोठं स्वस्तिक होतं. नारळाचं पाणीही तिथेच शिंपडलेलं. आमच्याकडे गाडीला हळदीकुंकवाचं एकेक बोट लावलं की दसरा झाला. ताईच्या सासरी मात्र हात सढळ. "पेट्रोल पिते ते तोंड तिचं, मग टिळा तिथंच लावायला पाहिजे," असं तिचं म्हणणं. मी माळ तेवढी काढली आणि निघाले.

मूर्तिजापूरच्या अलीकडे

वऱ्हाडातला रस्ता आमच्या डोळ्यांना फार सपाट वाटतो. आमच्याकडे कुठेही बघा, नजर डोंगराला जाऊन थांबते. इथे ती थांबतच नाही. काळी जमीन, वेचणीला आलेली कपाशी, मधून मधून पिवळ्या फुलावर आलेली तूर, आणि शेतात ओटीत कापूस भरणाऱ्या बाया. एका थांब्यावर चहा प्यायला उतरलो तर बाकड्यावरचा एक म्हातारा मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई चालवून राहिली अन् बुवा मांगं बसला. जमाना पलटला बापा." आमच्याकडे हेच मनात म्हणतात आणि घरी जाऊन बोलतात. तोंडावर बोललेलं मला बरं वाटलं. भाऊजींना तितकंसं वाटलं नाही.

पुढे थोड्या वेळाने गाडीला उचक्या लागल्या. माझी मूठ जराही हलत नव्हती, पण गाडी कधी पुढे झेप घ्यायची, कधी मागून कोणी धरल्यासारखी बसायची. मग दोन-चार आचके देऊन ती बंद पडली. ढकलत ढकलत रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे नेली.

"पेट्रोल हाय काय?" त्याने पहिलं हेच विचारलं.

मला राग आला. बाईची गाडी बंद पडली की आमच्याकडेही पहिला प्रश्न हाच असतो. भाऊजी हळूच म्हणाले, "माणसालेबी हेच विचारते इथी. मनाले लावून घेऊ नोको." पंक्चरवाल्याने माझ्याकडून किल्ली घेतली, टाकीचं झाकण उघडलं, गाडी हलवून आत बघितलं आणि झाकण लावलं. मग प्लग काढून पॉलिश पेपरने घासला. प्लग खरोखरच काळा होता. गाडी एका किकेत सुरू झाली. "पाहा, प्लगच होता," तो म्हणाला, आणि आम्ही त्याला मनापासून दुवा दिला.

बडनेरा यायच्या आधी पुन्हा तेच. या वेळी भाऊजी म्हणाले, गाडी तापली असेल, जरा उभी राहू दे. कडुनिंबाखाली ती उभी केली, त्यांनी उगाच टाकी उघडून पेट्रोल किती राहिलंय ते पाहिलं, घोटभर पाणी प्यालो, आणि गाडी सुरू. मग तापलीच होती म्हणायची. ज्याने जे औषध दिलं ते लागू पडत होतं, आणि रोग होता तिथेच होता.

अमरावती

अमरावतीला भाऊजींच्या धाकट्या बहिणीकडे, कुसुमताईंकडे मुक्काम. दारात पाऊल टाकलं तशा त्या म्हणाल्या, "काहून एवढी वाळली?" मी कधीच वाळलेली नव्हते, पण त्यांना खाऊ घालायला निमित्त हवं होतं. संध्याकाळी त्यांनी गिला वडा आणवला. भिजवलेल्या वड्यावर दही, वरून चटणी, आणि त्या चटणीचा असा जाळ की माझे कान गरम झाले. आमच्याकडे पाहुण्याला 'आणखी घ्या' म्हणतात आणि तो नको म्हणाला की ऐकतात. इथे नको म्हटलेलं ऐकूच येत नाही.

गाडी त्यांच्या गल्लीतल्या मेकॅनिकला दाखवली. त्यानेही आधी टाकीत डोकावून पाहिलं, मग कार्बोरेटर सोडवून धुतला. शहरात दोन चकरा मारल्या, गाडी लोण्यासारखी चालली. उद्या घाट चढायचा म्हणून पंपावर जाऊन टाकी गळ्यापर्यंत भरून आणली. त्या रात्री मला गाढ झोप लागली. भाऊजी म्हणाले, त्यांनाही लागली.

सकाळी निघताना कुसुमताई ताट घेऊन आल्या. "भावाची गाडी दारातून कोरडी कशी पाठवू?" त्यांनी वाऱ्याने उडू नये म्हणून कुंकवात तेलाचा थेंब घातला आणि ताईच्या पुसट झालेल्या स्वस्तिकावर अंगठ्याने दाबून दाबून नवं स्वस्तिक काढलं. मी पाया पडले. गाडीने पहिल्या किकेत हुंकार दिला.

चांदूर बाजार

वाकडी वाट करून आम्ही चांदूर बाजाराकडे वळलो, कारण तिथे भाऊजींचे मित्र नामदेवराव यांची संत्र्याची बाग. कधी काळी भाऊजींनी भर उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीच्या पंपाची लाइन एका दिवसात जोडून दिली होती आणि बाग वाचली होती. तेव्हापासूनची ही दोस्ती.

पण गाडीने या टप्प्यात आमची अब्रू काढली. काल बऱ्याच अंतराने बंद पडायची, आज थोडं अंतर गेलं की उचक्या सुरू. दर खेपेला उतरायचं, टाकी उघडून बघायची, प्लग काढायचा, पुसायचा, किक मारायची. माझी पोटरी ठणकायला लागली. बागेच्या फाटकात तर ती अशी बंद पडली की नामदेवरावांना वाटलं, आम्ही मुद्दाम तिथे थांबवली.

त्यांनी टाकी उघडून बोट बुडवलं, हुंगलं, चोळलं. "पेट्रोलच खराब दिलं तुमाले," त्यांनी निकाल दिला. "आता आधी जेवा. गाडी मंग पाहू."

बागेतच गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे जाडजूड रोडगे भाजलेले होते. वरचा राखेचा थर फडक्याने झटकायचा, रोडगा मुठीने फोडायचा, त्यात तूप ओतायचं, आणि सोबत वांग्याची रस्सा भाजी. आमच्या भाकरीचा मला फार अभिमान आहे, पण त्या दुपारी मी तो गुंडाळून ठेवला. मागून झाडावरची संत्री, अजून हिरवट, मीठ लावून. नामदेवरावांची बायको म्हणाली, "आजून पंधरा दिवसानं आली असती तं खरी गोडी भेटली असती." मला ती आंबटगोड संत्रीच आवडली.

जेवण झाल्यावर नामदेवराव म्हणाले, "दिगंबरभाऊ, माह्या मालाचा टेम्पो परतवाड्याले जाऊन राहिला. गाडी त्याच्यात टाकू. परतवाड्याले चांगला मेकॅनिक हाय."

भाऊजींनी हातातली संत्र्याची फोड ताटात ठेवली. "टेम्पो नाई," ते म्हणाले. नामदेवरावांना अट माहीत नव्हती. मी ती सांगितली तशी त्यांनी आग्रह सोडला आणि स्वतः किक मारली. गाडी सुरू झाली.

"पाहा, तिलेबी आरामच पाह्यजे होता," त्यांची बायको म्हणाली.

घाट

परतवाडा मागे पडला आणि मेळघाटाचा चढ लागला. सपाटीला वैतागलेल्या मला डोंगर बघून माहेरी आल्यासारखं झालं. दोन्हीकडे सागाची झाडं, वळणावळणावर हवा गार होत जाणारी. ते सुख फार टिकलं नाही. चौथ्या की पाचव्या वळणावर गाडी आचके देऊन बंद पडली ती पडलीच.

टाकी भरलेली आहे हे आता आम्हा दोघांना तोंडपाठ होतं, त्यामुळे उघडून बघायचे कष्ट घेतले नाहीत. मी प्लग काढला, पुसला, लावला. किक मारली. काही नाही. चोक ओढला. एकदा खोकली आणि गप्प. मी शेवटी हेल्मेट काढून रस्त्याकडेला बसले.

वरून भाजीचे रिकामे क्रेट घेऊन एक टेम्पो उतरत होता. ड्रायव्हरने थांबून विचारलं, "बंद पडली काय? टाका मांगं. परतवाड्याले सोडून देतो."

माझं मन तयार झालं होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. किका मारून पाय मोडून आला होता आणि ऊन कललं होतं. मी उठलेही.

"शुभा, टेम्पोत नको," भाऊजी म्हणाले.

ते कठड्यावर बसले होते. उजव्या हाताने डावा हात मांडीवर धरून ठेवायची त्यांना सवय झाली आहे, तसाच धरला होता. "तुह्या ताईनं तुले सांगतलं नसन. मांगच्या दिवाळीच्या आधी, ते बाजारात गेली होती तवा मी गाडी काढली. कोपऱ्यापर्यंत गेलो अन् पडलो. तिनंच येऊन उचललं मले, भर रस्त्यात, सगळे लोक पाहून राहिले होते. तवापासून ते मले कायलेच हात लावू देत नाई. चहाचा कप बी तिनंच धरावा. पानी बी तिनंच द्यावं." मग ते म्हणाले, "गाडी भंगारात गेली ना, तं मंग त्या घरात बिनकामाचा मी एकटाच उरतो."

ड्रायव्हर बिचारा आमच्या तोंडाकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, "तुम्ही जा भाऊ. आम्ही आणतो." तो गेला.

आता करायचं काय? नामदेवरावांचं म्हणणं खरं मानलं, तर खराब पेट्रोल काढून बघणं एवढंच हातात होतं. थोडं पाण्याच्या बाटलीत घेऊ, तळाला पाणी बसतं का बघू, असा माझा विचार. मी रागारागाने किल्ली झाकणाला लावून फिरवली.

सुस्स.

लोणच्याची गच्च बसलेली बरणी उघडताना होतो, तसा आवाज आला. हवा बाहेर आली नाही, आत गेली. माझ्या बोटाला ती ओढ कळली. मी भाऊजींकडे बघितलं, भाऊजींनी माझ्याकडे. बाटली तशीच ठेवून मी झाकण लावलं आणि किक मारली. गाडी सुरू.

"थांब, आनंद करू नोको आत्ताच," भाऊजी म्हणाले. "बस. चालव. बंद पडू दे तिले."

दोन वळणं चढून ती शहाण्यासारखी बंद पडली. या वेळी प्लगला हात लावायचा नाही, चोक ओढायचा नाही, आराम द्यायचा नाही असं आम्ही ठरवलं. फक्त झाकण उघडलं. सुस्स. लावलं. किक. सुरू. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात सगळा रस्ता उलटा उलगडला. पंक्चरवाल्याने झाकण उघडलं होतं. बडनेऱ्याला भाऊजींनी उघडलं होतं. मेकॅनिकने, नामदेवरावांनी, सगळ्यांनी 'पेट्रोल हाय काय' म्हणून आधी झाकण उघडलं होतं, आणि मग प्लगला नाहीतर पेट्रोलला नाव ठेवलं होतं.

"तेलाच्या डब्याले दोन भोकं काहून पाडते?" भाऊजी म्हणाले. "एकातून तेल निघते, दुसऱ्यातून हवा जाते. हवा नाई गेली तं तेल येत नाई. टाकी अर्धी होती तवा आत हवा होती, तं दूरवर चालली. काल गळ्यापर्यंत भरली अन् आज जराशात अडली."

झाकणावर कुलपाच्या शेजारी टाचणीच्या टोकाएवढं हवेचं भोक असतं. ते असतं एवढं आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते आम्हाला दिसलं नाही, कारण त्यावर ताईचं स्वस्तिक होतं, त्यावर नारळाचं पाणी वाळलं होतं, आणि त्या सगळ्यावर कुसुमताईंचा तेलात कालवलेला अंगठा होता.

भाऊजी आधी गालात हसले, मग इतके हसले की त्यांना कठडा धरावा लागला. "एक बायको अन् एक बहीन. दोघीनं मिळून माह्या गाडीचा श्वास कोंडला." मी ओढणीची सेफ्टी पिन काढून दिली. झाकण मी धरलं, आणि त्यांनी उजव्या हाताने, जीभ दातात धरून, भोकातली लाल खपली कोरून काढली. वरून फुंकर मारली, खालून उजेड बघितला. दुसऱ्या कोणाला त्यांनी ते करू दिलं नसतं, आणि मीही पिन परत मागितली नाही.

वर

राहिलेला घाट गाडी एका लयीत चढली. भाऊजी मागून प्रत्येक वळणावर सांगत होते की या वळणावर पूर्वी कुठला खांब होता आणि तो कोणत्या वादळात पडला. वर पोचलो तेव्हा दरीत धुकं नव्हतं, अस्वल नव्हतं, नुसती मोकळी हवा होती आणि खाली हिरवा उतार. आम्ही टपरीवर इथल्याच मळ्यातली म्हणून दिलेली कॉफी प्यालो. माझ्या खांद्यांवरचं ओझं पहिल्या घोटाला उतरलं. भाऊजींनी रबडी मागवली, चमचा उजव्या हातात आणि वाटी डाव्या मनगटाने टेबलाशी दाबून, अशी एकट्याने सगळी खाल्ली. मी मदतीला हात पुढे केला नाही. त्यांच्या ते लक्षात आलं.

"कुंकवाचं ताईले सांगायचं नाई," त्यांनी रबडी संपवून बजावलं. "ते जन्मभर मनाले लावून घेईन."

परत

दुसऱ्या दिवशी घाट उतरून अंजनगाव, अकोट असे परत निघालो. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, आणि एवढा चांगला प्रवास मी आजवर केलेला नाही.

अकोल्यात गल्लीच्या तोंडाशी आल्यावर भाऊजी म्हणाले, हॉर्न वाजव. ताई दार उघडून बाहेर आली. तिने आधी आमच्या मागे रस्त्यावर पाहिलं, तिथे टेम्पो आहे का म्हणून. मग गाडीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत.

"आली," भाऊजी उतरत म्हणाले. "आपल्या चाकावर आली. कचरा अडकला होता जरासा, काढला."

ठरल्याप्रमाणे ती हरली होती. भाऊजींनी माझ्या हातातून किल्ली घेतली आणि तिच्यापुढे धरली.

"ठेव तुह्यापाशी. मी आता हात लावनार नाई तिले. उभी राहू दे फक्त."

ताईने किल्ली घेतली. तिचा चेहरा बघून मला कळलं की तिला अंगणातली जागा कधीच नको होती, ती घाबरत होती, आणि रोज घाबरून थकली होती. कमरेचा जुडगा काढून तिने कपाटाच्या आणि कोठीच्या किल्ल्यांमध्ये ती किल्ली ओवली. डोळे पदराने पुसले आणि मग एकदम सातारच्या आवाजात म्हणाली, "तीस वर्षांत मला परतवाड्याच्या पुढं नेलं नाही या माणसानं."

"आता कोन नेते तुले?" भाऊजी म्हणाले.

दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. माझं परतीचं रिझर्व्हेशन दुसऱ्या दिवशीचं होतं. ते मी चहा व्हायच्या आत रद्द केलं.